रेडरुथचं घर आणि मागच्या चौकोनाचा प्रश्न

इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम पाहणारा वकील, कुठला निवडावा, हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या यादीत अगदी शेवटी असतो. आधी घर, मग कर्ज, मग शाळा; सॉलिसिटर म्हणजे कागद पुढे सरकवणारा, तो कुणीही चालेल. मी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, मॉर्गेज (गृहकर्ज) सल्लागाराचं काम करतो. हा समज किती महागात पडू शकतो ते खालच्या प्रकरणात नीट दिसतं. कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा-बायको दोघं पुण्याचे. ती ट्रुरोच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर, तो घरून काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनियर. २०२३ मध्ये पुण्यातलं राहतं घर बंद करून इथे आले. दोन वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर रेडरुथमध्ये एक घर मनात भरलं. १९३० च्या दशकातलं जोडघर, मागे वाढवलेलं स्वयंपाकघर, वरच्या खिडकीतून कार्न ब्रेची टेकडी. सौदा २ लाख ८५ हजार पौंडांना ठरला. त्याच दुपारी इस्टेट एजंटचा फोन: सॉलिसिटर आमच्या पॅनलवरचाच, म्हणजे आमच्या ठरलेल्या यादीतलाच घ्या, काम झटपट होतं.

इथे भारतातल्या वाचकांसाठी थोडं थांबतो. इंग्लंडमध्ये ऑफर मंजूर झाली म्हणजे कुणीच कशाला बांधलं गेलेलं नसतं. मधले दोन-तीन महिने सॉलिसिटर मालकी तपासतो, कौन्सिलचे, पाणी-गटाराचे, पर्यावरणाचे सर्च (अधिकृत नोंदी तपासून दिलेले अहवाल) मागवतो, समोरच्या सॉलिसिटरला प्रश्न विचारतो. समाधान झालं की करारांची अदलाबदल होते आणि साधारण दहा टक्के रक्कम भरली जाते. याला आपल्याकडचं साठेखत समजा. ताबा आणि उरलेले पैसे त्यानंतर. विकणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायची असतात, पण घराची पारख करण्याची जबाबदारी मुळात घेणाऱ्याची. म्हणजे सगळा खेळ प्रश्नांवर आहे. कुठला प्रश्न विचारायचा हे ज्याला माहीत, तो तुमचा सॉलिसिटर.

तीन कोटेशनं

एजंटने सुचवलेली कंपनी तीनशे मैल लांबच्या शहरातली. मोठी, सगळं काम पोर्टलवर. फी ५४९ पौंड. दुसरी कॅम्बोर्नमधली जुनी छोटी फर्म, फी १,१५०. तिसऱ्या ट्रुरोच्या लायसन्स्ड कन्व्हेयन्सर. सॉलिसिटर आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सर दोघंही हे काम करू शकतात, फक्त त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या संस्था वेगळ्या. ट्रुरोच्या बाई मला स्वतःला आवडल्या होत्या, पण ज्या बँकेकडून कर्ज घ्यायचं तिच्या पॅनलवर त्या नव्हत्या. कर्जाच्या व्यवहारात बहुधा एकच सॉलिसिटर घेणाऱ्याचं आणि बँकेचं असं दोघांचं काम पाहतो. पॅनलवर नाव नसेल तर बँकेसाठी वेगळा सॉलिसिटर, वेगळी फी, वेगळा उशीर. तिसरं नाव तिथेच गळलं.

५४९ आणि १,१५० हे आकडे शेजारी ठेवले तर कुणीही पहिलं कोटेशन घेईल. इंजिनियरसाहेबांनीही मनाशी तेच ठरवलं होतं. मी त्यांना कोटेशनचं दुसरं पान उघडायला सांगितलं. बँकेचं काम पाहण्याचे १२५. घरच्यांकडून भेट म्हणून येणाऱ्या रकमेसाठी देणाऱ्या प्रत्येकामागे ७५, आणि देणारे दोघं, आई आणि बाबा, म्हणजे १५०. स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरण्याचे ९५. पैसे पाठवण्याचे ४५. ओळख पडताळणीचे दोघांचे ३०. फाईल उघडण्याचे ६०. बेरीज १,०५४, त्यावर २० टक्के व्हॅट धरला की १,२६५ च्या घरात. कॅम्बोर्नच्या कोटेशनमध्ये हे सगळं आधीच धरलेलं होतं, व्हॅटसकट १,३८०. फरक उरला ११५ पौंडांचा.

डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घर-खरेदीच्या फीची माहिती आपल्या वेबसाइटवर द्यावी लागते. ती वाचायचीच, पण तुलना करायची ती शेवटच्या ओळीची. आणि एजंटला विचारायचं, या शिफारशीबद्दल तुम्हाला किती मिळतात? रेफरल फी घेणं बेकायदा नाही, पण ती लपवता येत नाही. आमच्या एजंटने विचारल्यावर लगेच सांगितलं. आपणहून मात्र सांगितलं नव्हतं.

मग दोन्हीकडे फोन केले, स्पीकर लावून. प्रश्न एकच ठेवला होता: "घर रेडरुथमध्ये आहे. कुठकुठले सर्च मागवाल?" मोठ्या कंपनीतल्या मुलीने नम्रपणे पॅकेजची यादी वाचून दाखवली. कॅम्बोर्नच्या सॉलिसिटर बाईंनी उत्तर द्यायच्या आधी उलट विचारलं, "घर कुठल्या सालातलं? भिंती दगडाच्या की ब्लॉकच्या? मागे काही वाढवलंय का?"

फाईल कोण हाताळणार, तेही विचारलं. एकीकडे उत्तर "आमची टीम", दुसरीकडे "मीच. ऑगस्टमध्ये दोन आठवडे रजेवर आहे, तेव्हा शेजारच्या खोलीतले सहकारी." रजेची तारीख आधी सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो.

पुण्याचा फ्लॅट

काम कॅम्बोर्नच्या बाईंना दिलं. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "जगात कुठेही तुमच्या नावावर घर आहे? भारतात?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोथरूडचा फ्लॅट त्याच्या आणि बाबांच्या जोडनावावर होता. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये दोघांनी "पहिलं घर" असं निवडलं होतं आणि स्टॅम्प ड्यूटी शून्य दाखवली होती, कारण १ एप्रिल २०२५ पासून पहिलं घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत ड्यूटी लागत नाही.

पण पहिलं घर म्हणजे जगातलं पहिलं घर. वारसाने किंवा भेट म्हणून मिळालेलंसुद्धा मोजलं जातं. सवलत गेली, एवढ्यावर भागलं नाही. फ्लॅटमधल्या त्याच्या हिश्शाची किंमत ४० हजार पौंडांच्या वर जात होती, त्यामुळे रेडरुथचं घर कायद्याच्या लेखी दुसरं घर ठरलं आणि त्यावर ५ टक्के अधिभार. नेहमीची ड्यूटी आणि अधिभार मिळून २ लाख ८५ हजारांवर शून्याऐवजी १८,५०० पौंड.

"मग एकटीच्या नावावर घेते," असं ती म्हणाली. ओळखीतल्या कुणीतरी तसा सल्ला दिला होता. त्याने काही होत नाही. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला या अधिभारापुरतं एकच धरतात.

हे मी मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण आपल्या लोकांपैकी कितीतरी जणांचं नाव गावाकडच्या घरावर, आईबाबांच्या फ्लॅटवर असतं आणि ते त्यांच्या हिशेबात "आपलं घर" नसतंच. फॉर्ममध्ये तो प्रश्न असतो. घाईत लोक "नाही" वर खूण करतात, मनात "इथे नाही" असा अर्थ धरून. हिशेब चुकीचा भरला गेला तर पुढे कर, व्याज आणि दंड घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो. "भारतात?" हा एक शब्द जास्तीचा विचारणारा माणूस म्हणून मोलाचा. बाईंना तो सुचला, कारण त्यांच्याकडे रुग्णालयातले भारतीय, फिलिपिनो डॉक्टर आणि नर्स येत होते.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पुण्याचा फ्लॅट हे त्याचं गेल्या तीन वर्षांतलं राहतं घर होतं. नव्या घराच्या खरेदीनंतर तीन वर्षांच्या आत त्याने आपला हिस्सा विकला किंवा दुसऱ्या कुणाला, पण बायकोला नव्हे, देऊन टाकला, तर अधिभार परत मागता येतो. "यावर कर सल्लागाराचं लेखी मत घ्या, मी करतज्ज्ञ नाही," हेही त्याच वाक्यात. आपल्या कामाची हद्द जिथे संपते तिथे थांबणं मला कुठल्याही पाटीपेक्षा मोठं वाटतं.

बाबांचे वीस लाख

आईबाबा वीस लाख रुपये पाठवणार होते, तेव्हाच्या दराने साधारण १७ हजार पौंड. सॉलिसिटरला पैशाचा उगम तपासावाच लागतो. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यातून कुणाची सुटका नाही. बाबांचा सवाल रास्तच होता: "पोराला पैसे द्यायचे, तर माझा पासपोर्ट कशाला?"

पैसे एका सहकारी बँकेत मुदत ठेवीत होते. पासबुक मराठीत. ठेव मोडून रक्कम आधी परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या मोठ्या बँकेत न्यावी लागली, तिथून इकडे. म्हणजे दोन टप्पे, आणि दोन्हींचा माग कागदावर हवा. बाईंनी सुरुवातीलाच यादी दिली: ठेवीची पावती, ती मोडल्याची नोंद, दोन्ही खात्यांची सहा महिन्यांची विवरणपत्रं, सहकारी बँकेच्या मॅनेजरचं इंग्रजीत पत्र, पासबुकाच्या त्या पानांचं प्रमाणित भाषांतर, आणि "या पैशावर व घरावर आमचा हक्क नाही" असं आईबाबांचं सहीचं पत्र. रक्कम दोघांनी आपापल्या खात्यातून दहा-दहा लाख अशी पाठवली. २०२५-२६ मध्ये दहा लाखांपर्यंतच्या अशा रकमेवर टीसीएस (पैसे बाहेर पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) कापला जात नव्हता. वीस लाख एकट्या बाबांनी पाठवले असते तर वरच्या दहा लाखांवर २० टक्के, म्हणजे दोन लाख रुपये, आयकर विवरणपत्र भरेपर्यंत अडकले असते. हे त्यांच्या पुण्याच्या सीएने सुचवलं. त्याचं श्रेय त्याचं.

रिकामा चौकोन

आता मुख्य गोष्ट. कॅम्बोर्न-रेडरुथ हा कथील आणि तांब्याच्या खाणींचा मुलूख. इथले खाणकामगार कोलारच्या सोन्याच्या खाणीत काम करायला आपल्याकडे आले होते, इतकी त्यांच्या हाताची ख्याती. शेवटची खाण, साउथ क्रॉफ्टी, १९९८ मध्ये बंद पडली. २००६ पासून हा खाणप्रदेश जागतिक वारसा आहे. घर घेणाऱ्यापुढे या वारशाच्या दोन बाजू येतात. जमिनीखाली जुनी विवरं आहेत. बंद पडलेल्या धातूच्या खाणींचे नकाशे सरकारजमा करण्याची सक्ती १८७२ च्या कायद्याने आली, त्याआधीच्या कित्येक खाणींचा कागदच नाही. शिवाय कोळशाच्या खाणीमुळे घर खचलं तर भरपाईची कायदेशीर व्यवस्था आहे, कथलाच्या खाणीसाठी तशी नाही. म्हणून इथे नेहमीच्या पॅकेजबाहेरचा, स्थानिक तज्ज्ञांनी जुने नकाशे पाहून दिलेला खाण-अहवाल लागतो. तो आला, घराच्या बाबतीत स्वच्छ आला.

दुसरी बाजू भिंतीत. साधारण १९०० ते १९६० या काळात इथे काँक्रीटचे ब्लॉक करताना खडी म्हणून खाणीतला टाकाऊ दगड वापरला गेला. त्यातल्या गंधकयुक्त खनिजांना ओल आणि हवा लागली की आम्ल तयार होतं आणि ते सिमेंट आतून खातं. याला मंडिक म्हणतात. वरून गिलावा आणि रंग असेल तर डोळ्यांना काहीही दिसत नाही. भिंतीतून गोल नमुने कापून काढायचे, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, एवढाच मार्ग. निकाल ए, बी, सी अशा वर्गांत येतो. ए असेल तर बँका कर्ज देतात. सी म्हणजे काँक्रीट बिघडलेलं, कर्ज विसरा.

विकणाऱ्याकडे १९९६ चं प्रमाणपत्र होतं: वर्ग ए. एजंटने ते पहिल्याच दिवशी अभिमानाने पाठवलं होतं. लांबच्या शहरात बसलेल्या माणसाने ते फाईलला लावलं असतं, बँकेला कळवलं असतं, आणि त्यात त्याचा दोष काढणंही अवघड गेलं असतं.

बाईंनी शेवटचं पान उलटलं. तिथे घराचा हाताने काढलेला आराखडा होता. पुढची भिंत, बाजूची भिंत, मागची भिंत, पाया. जिथून नमुना काढला तिथे छोटं वर्तुळ आणि आत आकडा. एक, दोन, तीन, चार. मागे स्वयंपाकघराचा चौकोन. त्यात एकही वर्तुळ नाही. त्यांनी पेन्सिलीने चौकोनाभोवती रेघ मारली आणि विचारलं, "हे कधी बांधलं?"

वाढीव बांधकाम १९५० च्या दशकातलं निघालं. मूळ घराचे ब्लॉक एका ठिकाणचे, वीस वर्षांनी आणलेले दुसऱ्या ठिकाणचे; एकाच्या निकालावरून दुसऱ्याचं काही सांगता येत नाही. प्रत्येक टप्प्याचे नमुने वेगळे घ्यावे लागतात.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. विकणारे आजोबा दुखावले: सत्तर वर्षं उभं आहे ते स्वयंपाकघर, तुम्हाला काय शंका? एजंटने दुसरं गिऱ्हाईक तयार असल्याचं दोनदा सुनावलं. इंजिनियर मला रात्री फोन करून विचारायचा, "बाई उगाच ताणतायत का? घर हातचं जाईल." बाईंनी समोरच्या सॉलिसिटरला स्वतः फोन केला. दोघांची वर्षानुवर्षांची ओळख. चाचणीचा खर्च निम्मा-निम्मा ठरला.

मूळ घर ए. स्वयंपाकघर सी.

आजोबांनी किंमत दहा हजारांनी उतरवली. पण प्रश्न किमतीचा उरलाच नव्हता. ती भिंत पाडून नवी बांधल्याशिवाय बँक कर्ज देणार नव्हती, आणि विक्रीआधी तो खर्च करायला आजोबा तयार नव्हते. नवरा-बायकोने माघार घेतली. सर्व्हे, सर्च, चाचणीचा वाटा आणि बाईंची तोवरच्या कामाची फी मिळून सुमारे १,९०० पौंड गेले. मोठ्या कंपनीकडे "सौदा मोडला तर फी नाही" अशी सोय होती, बाईंकडे नव्हती. तो फरक खरा आहे आणि घराबाबत शंका असेल तर आधी विचारून घ्यावा. तरी माझं ठाम मत आहे की त्या कुटुंबाने इंग्लंडमध्ये खर्च केलेले सगळ्यांत चांगले पैसे ते. नाहीतर पाच-सात वर्षांनी विकायला काढल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाच्या सॉलिसिटरने तोच चौकोन दाखवला असता, आणि तेव्हा ते घर यांच्या नावावर असतं.

इथे "स्थानिक" या गोष्टीबद्दल एक खुलासा हवा. घर ज्या मातीत आहे तिथला माणूस, असा त्याचा अर्थ. हेच कुटुंब लंडनमधला लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा, फ्लॅट घेत असतं, तर मी त्यांना कॅम्बोर्नच्या ऑफिसात पाठवलं नसतं; तिथे लीजची उरलेली वर्षं, सर्व्हिस चार्ज, इमारतीचं क्लॅडिंग (बाहेरून लावलेलं आवरण) रोज पाहणारा माणूस हवा. चेशरमध्ये मिठाचं पाणी उपसल्याने जमीन खचते, नॉटिंगहॅमशरमध्ये कोळसा आहे. आणि गावात पाटी आहे एवढ्याने कुणी जाणकार ठरत नाही. फोन न उचलणाऱ्या स्थानिक फर्म मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

दुसरं घर

शरद ऋतूत कॅम्बोर्नमध्ये दुसरं घर मिळालं. १९८० च्या आसपासचं, म्हणजे मंडिकचा काळ उलटलेला. किंमत २ लाख ६२ हजार. पैशाच्या उगमाचे कागद तयार होते, त्यामुळे तो भाग दोन दिवसांत आटोपला. खाण-अहवालात बागेच्या हद्दीपलीकडे एक जुनं विवर नोंदलेलं निघालं. ते कधी बुजवलं आणि तपासलं याचा दाखला बाईंनी मागवून घेतला आणि बँकेला पाठवला.

राहिला रेडॉन. ग्रॅनाइटच्या या भागात जमिनीतून हा किरणोत्सारी वायू घरात येतो. पातळी हवेच्या दर घनमीटरमागे २०० बेकरेलच्या (किरणोत्सार मोजण्याचं एकक) वर असेल तर उपाय करायला सांगतात. चाचणी तीन महिने चालते, तेवढं थांबायला विकणारा तयार नसतो. यावर इथे रुळलेली पद्धत म्हणजे किमतीतली ठरलेली रक्कम ताब्यानंतर सॉलिसिटरकडे राखून ठेवायची. बाईंनी १,५०० पौंड राखून घेतले. हॉलमध्ये आणि झोपण्याच्या खोलीत एकेक छोटी प्लास्टिकची डबी ठेवली गेली, तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत गेली. निकाल मर्यादेच्या खाली आला आणि रक्कम विकणाऱ्याला मिळाली.

स्टॅम्प ड्यूटी अधिभारासकट १६,२०० पौंड भरली, ताब्यापासून चौदा दिवसांच्या मुदतीत. त्यातले १३,१०० परत मिळू शकतात, फ्लॅटमधला हिस्सा बाबांच्या नावे केला किंवा विकला तर. त्याचं बक्षीसपत्र करायचं की कसं, मुद्रांक किती, यासाठी ते आता पुण्यात वकील शोधत आहेत. मुदत २०२८ च्या शरदापर्यंत आहे.